पिवळ्या कागदावरचा सातवा मुद्दा

त्या शुक्रवारी स्टॉपवॉच माझ्या हातात होतं, म्हणून आधी माझ्याबद्दल सांगून टाकतो. मी तोकोन, डोंगरातल्या कारा-जिल्गा गावच्या शाळेचा उपमुख्याध्यापक; गाव मला आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणतं. तेवीस वर्षं मी पोरांच्या वाचनाचा वेग मोजत आलो आहे. पोर उभं राहतं, कागद हातात घेतं, मी बटण दाबतो, मिनिट झालं की पुन्हा दाबतो आणि शब्द मोजून वहीत आकडा लिहितो. चौथीला मिनिटाला नव्वद शब्द हवेत. नव्वदच्या वर गेलं की आईबाप खूश, मुख्याध्यापक खूश, जिल्हा खूश. पोराला काय कळलं ते लिहायला त्या वहीत रकानाच नाही. तेवीस वर्षांत तो कुणी मागितला नाही. मीसुद्धा नाही.

अनिपा म्हणजे या खेळातला आमचा हुकमाचा एक्का. चौपन्न वर्षांची, किरकोळ बांध्याची, डोक्याला कायम तोच निळा रुमाल. पोरं तिला एजेके, म्हणजे बाई, म्हणतात. पहिलीचा वर्ग हातात घ्यायचा आणि चौथी संपली की सोडायचा, असे सात वर्ग तिने काढले. तिची पोरं मिनिटाला एकशेतीसच्या खाली कधी उतरली नाहीत. तिचं स्वतःचं वाचनही तसंच. गावात कुठलाही छापील कागद आला की अनिपाला बोलावणं जायचं. कुरणांच्या वाटपाची यादी असो, लसीचं पत्रक असो नाहीतर जिल्ह्याचं फर्मान असो. आमच्याकडे चांगला वाचणारा एकच असतो, बाकीचे मान डोलावतात. वाचन संपलं की म्हातारे दाढीवरून हात फिरवून म्हणतात, "वा! काय वाचते पोरगी! कुठे अडखळणं नाही की काही नाही." त्यानंतर कागदात काय होतं असं विचारणं म्हणजे वाचणारीचा अपमान. आणि असा अपमान आम्ही कधी केला नाही, आम्ही फार सभ्य माणसं.

तर याच अनिपाच्या आठव्या खेपेची, म्हणजे आता चौथीत असलेली, पोरं सत्तरवर घसरली होती.

आणि घसरली कशी, तर तिच्याच शिकवण्याने. गोष्टी-कविता तिने मुख्याध्यापकांना खूश ठेवण्यापुरत्या ठेवल्या. बाकी सगळा वेळ भलतेच कागद. पिठाच्या पोत्यावरचा मजकूर, खोकल्याच्या औषधाचं पत्रक, बसचं वेळापत्रक, बियाण्याची पुडी, दरड कोसळण्याबद्दलची सरकारी सूचना. दर शुक्रवारी प्रत्येक पोराने घरातून एक छापील कागद आणायचा, चिठ्ठ्यांसारखे सगळे कागद एका काल्पाकात, म्हणजे आमच्या उंच लोकरी टोपीत, टाकायचे आणि एक काढायचा. मग तो एकच कागद चार वेळा वाचायचा. पहिल्यांदा तोंड बंद ठेवून. दुसऱ्यांदा पेन्सिलीने: न कळलेल्या शब्दाभोवती गोल, आणि "हे करा" किंवा "हे करू नका" असं जिथे म्हटलंय तिथे रेघ. तिसऱ्यांदा प्रत्येक रेघेपाशी थांबून विचारायचं, हे का सांगितलंय? चौथ्यांदा विचारायचं, काय लिहायला हवं होतं आणि लिहिलेलं नाही?

पालक वैतागले. पालक समितीचा प्रमुख दोलोत. आमच्या गावातून शहरात जाणारी गाडी तोच चालवतो. तो माझ्या खोलीत येऊन टेबलावर हात आपटायचा. "तोकोन आगाय, माझा पोरगा साबणाचं वेष्टन वाचत बसतो आणि आंघोळ करत नाही! ही शाळा आहे की वाण्याचं दुकान?" त्याच्या रागाचं खरं कारण मला ठाऊक होतं. त्याच्या पोराने भर गाडीत दारावरची पाटी वाचली होती, 'प्रवासी क्षमता पंधरा'. मग उभं राहून माणसं मोजली आणि मोठ्याने सांगितलं, "बाबा, एकवीस आहेत. सहा जणांबद्दल इथे काहीच लिहिलेलं नाही." गाडीतले लोक आठवडाभर हसत होते.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते राहिलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला दोलोतने जिल्ह्याकडे अर्ज धाडला, खाली चौदा सह्या. उत्तर आलं की तपासनीस शुक्रवारी येतील. वर्गाची सरासरी नव्वदच्या खाली भरली तर सोमवारपासून वर्ग दुसऱ्या बाईंकडे आणि अनिपा ग्रंथालयात. पोरांची चौथी संपायला सहा आठवडे उरले होते. तीन वर्षं आणि आठ महिने तिने ज्यांना वाढवलं, त्यांना शेवटच्या दाराशी सोडून तिला किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसावं लागणार होतं.

मंगळवारी मी तिला शाळेच्या बोळात गाठलं.

"हे पाकीट घे. कुणी बघायच्या आत पिशवीत टाक."

"काय आहे, तोकोन बायके?" थोरल्या भावाचा मान देऊन ती मला बायके म्हणते.

"शुक्रवारचा उतारा. याकवर आहे. तीन दिवस आहेत, पाठ करून घे पोरांकडून. सगळ्या शाळा हेच करतात, तू काही जगावेगळी नाहीस."

"मग ती वाचणार कधी?"

"शुक्रवारी!"

"शुक्रवारी ती पाठ म्हणतील."

"अगं बाई, मोजणाऱ्याला काय फरक पडतो? आणि मोजणारा तर मीच आहे!"

तिने पाकीट माझ्या कोटाच्या खिशात परत सरकवलं. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "मग बस जाऊन ग्रंथालयात धूळ झटकत. तुझी हौस." ती गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला भीती वाटते, बायके. फार भीती वाटते. रात्री झोप नाही. पण हे नको." मला तेव्हा तो निव्वळ हट्ट वाटला.

आता मधेच एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. यातलं अर्धं मला त्या शुक्रवारपर्यंत माहीत नव्हतं. अनिपाने ते नंतर सांगितलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर शुक्रवारी फळ्यावर तिचा खडू का थांबला ते तुम्हाला कळायचं नाही.

अडीच वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. कळप उन्हाळी कुरणांवरून खाली आले होते. हिवाळ्याआधी मेंढ्यांना औषधाच्या हौदातून पोहवून काढावं लागतं, नाहीतर गोचीड आणि खरूज. गावाबाहेर त्यासाठी सिमेंटचा लांब हौद आहे. आमचा पशुवैद्य कुबात, तिशीतला, शांत गडी, औषध मोजून पाण्यात कालवत होता. डब्याबरोबर एक पिवळा कागद आलेला होता, वर निळ्या मेंढ्याचं चित्र. कुबातचे हात औषधाने भरलेले, म्हणून त्याने तो कागद अर्थातच अनिपाला दिला. तिने हौदाच्या काठावर उभं राहून चाळीस माणसांपुढे पहिल्या मुद्द्यापासून बाराव्यापर्यंत तो वाचून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. आम्ही माना डोलावल्या, म्हाताऱ्यांनी दाढीवरून हात फिरवले, आणि मेंढ्या पाण्यात उतरवल्या. दोन दिवस घाट उतरून आलेल्या मेंढ्या त्या. हौदाच्या दिवशी जनावराला खायला-प्यायला देत नाहीत ही आमच्याकडची रीत. हलकं जनावर नीट पोहतं, असं आमचे बापजादे म्हणत आले. संध्याकाळी मेंढ्या पाय झाडायला लागल्या. तीन दिवसांत अठ्ठ्याऐंशी मेल्या, त्यातल्या एकतीस एकट्या साइराकानच्या.

साइराकान विधवा बाई. मुलगा आणि सून रशियात कारखान्यात कामाला, नात जिपार तिच्यापाशी. चाळीस मेंढ्या हाच त्या दोघींचा आधार, त्यातल्या नऊ उरल्या.

गावाने कुबातला धरलं. औषध कडक कालवलं म्हणाले. तो दोनदा म्हणाला, "मी कागदाप्रमाणेच कालवलं." तिसऱ्यांदा बोलायची वेळ त्याला कुणी दिली नाही. महिन्याभरात तो बायको-पोराला घेऊन शहरात निघून गेला आणि तिथल्या बाजारात पोती वाहायला लागला. पुढच्या हिवाळ्यात त्याची आई इथे वारली, तर अर्धं गाव मयताला गेलं नाही. आमच्याकडे वैऱ्याच्या मयतालाही माणसं जातात.

त्या औषधाचा एकेक डबा घरोघर आलेला होता, प्रत्येकात तोच कागद; अनिपाचा डबा तिच्या अंगणात पडला होता. आठवड्याने तिने त्यातला कागद काढला आणि चुलीपाशी बसून, तोंड बंद ठेवून, एकटीने वाचला. सातवा मुद्दा असा होता: हौदात उतरवण्याआधी जनावरांना पोटभर पाणी पाजावे व दोन तास विसावा द्यावा, तहानलेली जनावरे हौदातले पाणी पितात. हे वाक्य आपण मोठ्याने वाचलं होतं, हे तिला आठवलं. कुठे श्वास घेतला होता तेही आठवलं. तिने कुणाला सांगितलं नाही. सोमवारी वर्गात गेली आणि पिठाचं पोतं वाचायला काढलं.

तर शुक्रवार. बाहेर डोंगरावरून बोचरा वारा, आत कोळशाची शेगडी धुमसत होती. एकोणीस पोरं. मागच्या बाकावर पालकांच्या वतीने दोलोत आणि साइराकान. अर्जावर पहिली सही साइराकानची होती. तपासनीस बुरुल, चाळिशीची बाई, बूट चिखलाने भरलेले, सकाळपासून ही तिची दुसरी शाळा. बाई वाईट नव्हती. घाईत होती.

"सुरू करू या, तोकोन आगाय. साडेअकराला माझी गाडी आहे."

मी बटण दाबत गेलो. ब्याऐंशी. सत्त्याहत्तर. अडुसष्ट. दोलोतचा पोरगा नव्वदपर्यंत पोचला, आणि बापाने छाती फुगवली. अनिपा खिडकीशी उभी होती, हाताची बोटं एकमेकांत घट्ट. मग जिपार उठली. दोन वेण्या, मोठ्या माणसाचा कापून लहान केलेला कोट. पहिल्या दोन ओळी तिने छान वाचल्या. मग थांबली. काटा पुढे चालला होता. ती वर गेली, पुन्हा पहिल्या ओळीवर.

"पुढे वाच, बाळा," मी म्हणालो.

"आगाय, इथे लिहिलंय की आपल्या जिल्ह्यात तीन खोऱ्यांत याक पाळतात. आणि खाली नावं चार दिलीत."

"तू वाच. मोजायला तुला कुणी सांगितलंय?" बुरुल म्हणाली.

"पण मग एक नाव चुकीचं आहे की तीन चुकीचं आहे?"

मिनिट संपलं. एकूण बावन्न शब्द. तो उतारा मंगळवारपासून माझ्या खिशात होता, मी तो दोनदा वाचला होता, आणि मला ती चार नावं दिसली नव्हती. मला त्या पोरीचा राग आला, खोटं कशाला सांगू.

एकोणीस आकड्यांची बेरीज केली, भागाकार केला. चौऱ्याहत्तर. बुरुलने तो आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. मागून दोलोत म्हणाला, "झालं ना? आता तरी आमच्या पोरांना वाचायला शिकवा."

बुरुलने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते, गाडीला अर्धा तास होता. बाहेरच्या वाऱ्यात उभं राहण्यापेक्षा इथे शेगडी बरी, असंच तिला वाटलं असणार. ती म्हणाली, "बसते मी. वेगाच्या बदल्यात यांना मिळालं तरी काय, ते दाखवा."

अनिपाने काल्पाक पुढे केला. पोरांनी घड्या घातलेले कागद त्यात टाकले. दोलोतच्या पोराने हात घालून एक काढला आणि उलगडला. पिवळा कागद, वर निळा मेंढा.

"माझा आहे!" जिपार म्हणाली. "गोठ्यात फळीच्या फटीत खोचलेला होता."

मागच्या बाकावर साइराकानने मान वर केली. मी अनिपाकडे पाहत होतो. तिने कागद हातात घेतला आणि इतका वेळ धरून ठेवला की पोरं एकमेकांकडे बघायला लागली. परत टाकून दुसरा काढायला सांगायचं, एवढंच करायचं होतं तिला. कुणी का म्हणून विचारलं नसतं. मला वाटलं, त्या मेल्या मेंढ्यांची आठवण निघून साइराकानला वाईट वाटेल म्हणून ही थबकली असेल. मी हळूच म्हणालो, "अनिपा, हा राहू दे. दुसरा घे."

"नाही, बायके," ती म्हणाली. "निघालेला कागद आम्ही बदलत नाही."

कागद एकच, म्हणून ती तो फळ्यावर उतरवायला लागली. एक, औषध थंड व कोरड्या जागी ठेवावे. दोन, हातमोजे घालावेत. तीन, चार, पाच. सहावा मुद्दा लिहून झाला आणि खडू थांबला. तिची पाठ आमच्याकडे होती. खांदे वर-खाली होत होते. फळ्यावर खाली थोडीच जागा उरली होती. मी आपला मनात म्हणालो, पुरे आता, सहा मुद्दे पुरे झाले, अर्ध्या तासात एवढंच होतं. तिने खडू उचलला आणि अगदी खाली, वाकून, सातवा मुद्दा लिहिला. शेवटच्या शब्दापाशी खडू तुटला, तेव्हा तुकड्याने पुरा केला.

"तोंड बंद," ती म्हणाली. "पहिलं वाचन."

एकोणीस पोरं गप्प. बुरुलने सवयीने घड्याळ पाहिलं, मग फळ्याकडे बघायला लागली. दुसरं वाचन झालं, वह्यांत पेन्सिली फिरल्या. तिसऱ्यात हात वर यायला लागले. हातमोजे का? औषध कातडीतून आत जातं म्हणून. थंड जागा का? उन्हात ते नासतं म्हणून. दोलोतच्या पोराने सातव्याला हात घातला. "पाणी आधी पाजायचं, कारण तहानलेली मेंढी औषधाचं पाणी पिईल. म्हणजे ते बाहेरून लावायचं औषध तिच्या पोटात जाईल. म्हणजे ती मरेल."

"हे तिथे लिहिलंय?" अनिपाने विचारलं.

"मरेल असं लिहिलेलं नाही, एजेके. पितात एवढंच लिहिलंय. पुढचं आपण समजायचं."

साइराकान उभी राहिली होती. जिपारचा हात वर होता आणि तिचं सगळं लक्ष फळ्यावर होतं, आजीकडे नव्हतं.

"एजेके, चौथ्या वाचनाचं विचारू? आमच्या मेंढ्या मेल्या तेव्हा हा कागद होता. मग त्या दिवशी हा कुणीच वाचला नाही का?"

"वाचला होता की!" दोलोत मागून ओरडला. "मी स्वतः तिथे उभा होतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून…" आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मी वाचला," अनिपा म्हणाली.

ती पोरांकडे तोंड करून उभी होती, मागच्या बाकाकडे नाही. "हौदावर मी वाचला. सातवा मुद्दासुद्धा वाचला. एकही अक्षर चुकलं नाही. आणि मला काही कळलं नाही, कारण मी वाचनाकडे लक्ष देत होते, वाचलेल्याकडे नाही. आठवड्याने मी हा कागद पुन्हा वाचला, तेव्हा कळलं. तरी कुणाला सांगितलं नाही. कुबातने औषध बरोबर कालवलं होतं. मला भीती वाटली म्हणून मी गप्प बसले."

जिपार हात खाली घ्यायला विसरली होती.

साइराकान बाकांच्या मधून पुढे आली. आता ही काय करते, असं मला झालं. थोराड हाताची बाई आहे ती. अनिपाच्या समोर येऊन उभी राहिली.

"एकतीस मेंढ्या," ती म्हणाली. "अडीच वर्षं मी त्या कुबातला तळतळाट देत होते. त्याच्या आईच्या मयताला मी गेले नाही, अनिपा. शेजारीण होती माझी. तिच्या दारावरून दुधाची बादली घेऊन गेले आणि आत डोकावले नाही. आणि तू माझ्या घरी येऊन चहा प्यायचीस. तळलेले बोर्सोक चांगले झालेत म्हणायचीस!"

"हो," अनिपा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही. "मला वर्ग सोडायला लावलात तर बरोबरच आहे. मी सोमवारी किल्ल्या घेते."

"गप!" साइराकान एवढ्या जोरात ओरडली की पुढच्या बाकावरची पोरगी दचकली. "किल्ल्या घेते म्हणे! मग पुस्तकांच्या आड जाऊन बसशील, कुणाला तोंड दाखवायला नको. एवढ्या स्वस्तात सुटायचंय तुला?" ती बुरुलकडे वळली. "बाई, तो अर्ज द्या इकडे. ज्यावर माझी सही आहे तो."

बुरुलने फाइलमधून अर्ज काढून दिला. साइराकानने तो जिपारपुढे धरला. "वाच. सावकाश. दोलोतने गाडीच्या खिडकीतून कागद दिला, सही कर म्हणाला, मी केली. काय लिहिलंय त्यात?"

जिपारने आधी तोंड बंद ठेवून वाचला. आम्ही सगळे थांबलो, जिल्ह्याची तपासनीससुद्धा. मग पोरीने आजीला सांगितलं, "अपा, यात लिहिलंय की अनिपा एजेके आम्हाला निरुपयोगी कागद वाचायला लावतात."

"निरुपयोगी," साइराकान म्हणाली. तिने बुरुलच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली, मग उभी, मग आडवी, कागद फाटेपर्यंत. "माझी पोर चौथी पुरी करेपर्यंत ही बाई इथेच उभी राहील. रोज. माझ्या पोरीच्या डोळ्यांपुढे. मी तुझ्याशी बोलणार नाही, अनिपा, माझ्या घरी येऊ नकोस. पण तिला हे सगळं शिकव."

दोलोत खिडकीबाहेर बघत होता. बुरुलने फाटका अर्ज फाइलमध्ये ठेवला, चौऱ्याहत्तरचा आकडा तसाच ठेवला, आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं की पहिल्या सहीच्या तक्रारदाराने अर्ज मागे घेतला व समितीप्रमुखांनी हरकत घेतली नसल्याने वर्ग मेअखेरपर्यंत आहे तिथेच राहावा. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "आगाय, त्या याकच्या उताऱ्यात खरंच चार नावं आहेत?" मी होकाराची मान हलवली. ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि चिखलातून गाडीकडे पळत गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातातलं स्टॉपवॉच चालूच आहे. शेवटच्या पोरानंतर मी ते बंद केलं नव्हतं. अडतीस मिनिटं झाली होती.

आता माझी गोष्ट. कुबातविरुद्ध जिल्ह्याला जो अर्ज गेला होता, तो मी लिहिला होता. गावात अक्षर माझं चांगलं, म्हणून मला सांगितलं आणि मी लिहिलं: औषध प्रमाणाबाहेर कडक कालवण्यात आले. प्रमाण काय होतं ते मी पाहिलं नव्हतं. पिवळा कागद हातातही घेतला नव्हता. अनिपाने वर्गात सगळ्यांसमोर तोंड उघडलं, तेव्हा मी तिच्यापासून तीन पावलांवर उभा होतो आणि गप्प होतो. शनिवार-रविवार बसून मी एक पत्र लिहिलं.

सोमवारी मी पत्र घेऊन चौथीच्या वर्गात गेलो. एक प्रत जिल्ह्याला, एक कुबातला. चांगलं दीड पानांचं, सुवाच्य अक्षरात. कुबातचा दोष नव्हता, सातव्या मुद्द्याकडे दुर्लक्ष झाले, गावाकडून त्याच्यावर अन्यायकारक तक्रार केली गेली, गाव दिलगीर आहे. अनिपाने त्याखाली आधीच सही केली होती. सहीच्या वर तिने एक ओळ जोडली होती: कागद मी वाचला आणि नंतर सत्य लपवले. मी पत्र पोरांपुढे ठेवलं आणि म्हणालो, "पाठवायच्या आधी तुम्ही वाचा. चार वेळा."

त्यांनी वाचलं. मला वाटलं होतं चार वेळा म्हणजे पाच मिनिटं. पाऊण तास गेला. अनिपा खिडकीशी उभी होती. शेवटी जिपारचा हात वर आला.

"आगाय, चौथ्या वाचनाचं. इथे लिहिलंय, गावाकडून तक्रार केली गेली. गाव कसं लिहील? गावाला काय हात असतात? ज्याने लिहिली त्याचं नाव इथे नाही."

एकोणीस पोरं माझ्याकडे बघत होती. अनिपाही. मी खिशातून पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं: ती तक्रार मी, उपमुख्याध्यापक तोकोन, कागद न वाचता लिहिली. अक्षर काही सुवाच्य आलं नाही. मी कागद घडी घालून पाकिटात ठेवायला लागलो, तर जिपारने तो परत मागितला. आता बदल झालाय, म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागेल.